भिवरगडाच्या दरवाज्यावरची शिळा

वीस वर्षांत भिवरगडाने पाच धनी पाहिले. गड जिंकला की नवा धनी दरवाज्यावरच्या शिळेवरचं जुनं नाव घासायला लावी आणि तिथेच आपलं कोरून घेई. घासणारा आणि कोरणारा एकच, रखमाजी पाथरवट.

सहावे आले सरदार हैबतराव. म्हणाले, "माझं नाव इतकं खोल कोर, की चंद्रसूर्य असेतो कुणाला पुसता येऊ नये. उथळ कोरलंस तर हात तोडीन."

रखमाजीने छिन्नी खाली ठेवली.

"आधीच्या पाचांनीही हेच बजावलं होतं, सरकार. मी त्यांचं ऐकलं असतं, तर आज तुमच्या नावाला जागा कुठून आणली असती?"

हैबतरावांनी शिळेवरून हात फिरवला.

"बरं," ते म्हणाले, "अक्षर तरी सुबक काढ."