डांबरी चपला

शैला बोडकेंना गालिचे धुण्याचा धंदा सुरू करायचा होता आणि त्यासाठी हवं होतं, एकटीला जिन्यावरून उचलून नेता येईल असं लहान मशीन. पण सांगलीत अशी मशिनं विकणारे एकटे आप्पासाहेब खर्डेकर, आणि आप्पासाहेबांना गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची सवयच नव्हती. दुकानात पांढराशुभ्र गालिचा, त्यावर हत्तीएवढं मशीन आणि दारात पाटी: चपला बाहेर काढा.

"ते लहान खेळणं कशाला नेताय, बाई?" आप्पासाहेब म्हणाले. "हे मोठं न्या. याने निघणार नाही असा डाग अजून जन्माला यायचाय!"

"कुठलाही डाग निघतो?"

"न निघणारा एक दाखवा आणि ते खेळणं फुकट घेऊन जा!"

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

शैलाताई उठून दाराबाहेर गेल्या. समोर रस्त्यावर डांबर टाकणं चालू होतं आणि येतानाच त्यांच्या चपला चांगल्या माखल्या होत्या. त्यांनी त्या शांतपणे पायात घातल्या, परत आल्या आणि गालिच्यावर ठेवायला पाय उचलला.

"अहो, अहो, थांबा!" आप्पासाहेब खुर्चीतून उडालेच. "डांबर आहे ते! सात जन्मांत निघायचं नाही!"

शैलाताईंनी पाय तसाच मागे घेतला.

"पाय टेकायच्या आधीच कबूल केलंत, बरं झालं. गालिचा तरी वाचला. आता ते खेळणं रिक्षात ठेवायला सांगा."