कोरा शेरा

अंध मुलींच्या मोफत निवासी शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी ग्रंथालयातली चार जाडजूड पुस्तकं भराभर चाळली आणि ते गरजले, "सगळी कोरी! सरकारला फसवता? अनुदान बंद!" तसा शेरा लिहून त्यांनी कागद ग्रंथपाल वेणूताईंपुढे सरकवला. "करा सही."

वेणूताईही अंधच, याच शाळेत ब्रेल शिकलेल्या. त्यांनी कागदावरून सावकाश बोटं फिरवली, उलटून मागची बाजूही चाचपली.

"साहेब, यावर तर काहीच नाही. कोऱ्या कागदावर सही कशी करू?"

साहेबांचं लक्ष आत्ता कुठे पुस्तकातल्या उठावदार ठिपक्यांकडे गेलं. ओशाळून त्यांनी शेरा खोडला, तोही असा खसाखसा की पेन कागदात रुतलं.

वेणूताईंनी पुन्हा बोट फिरवलं. "हां, आता लिहिलंत काहीतरी!"