एकशे आठ फुलांची वेल

"मी एकही फूल तोडलं नाही, बुवा. बोटसुद्धा लावलं नाही. मग ही फुलायची का थांबली?"

खांबेटे मास्तर परसात उभे होते. हात वेलीकडे, नजर भिकूबुवांकडे. शाळेत एखाद्या पोराला जाब विचारावा तसा त्यांचा आवाज होता.

 बुवा वेलीसमोर उकिडवे बसले आणि नुसते पाहत राहिले.

माघातली उशिराची सकाळ होती. वाईला त्या दिवसांत सकाळी नदीवरून धुकं येतं, घराघरांच्या परसात शिरतं आणि ऊन वर आलं तरी निघायचं नाव घेत नाही. मास्तरांच्या परसातही ते अजून थोडं रेंगाळत होतं. काटक्यांची ताटी, तिच्यावर पुरुषभर उंच गेलेली स्वीट पी या विलायती सुवासिक फुलांची वेल, आणि वेलीवर शेंगाच शेंगा. हिरव्या, चपट्या, लव असलेल्या. वाटाण्याच्या शेंगांच्या बहिणी शोभाव्यात अशा, पण खायच्या कामाच्या नाहीत.

भिकूबुवांनी उभी हयात वर पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्यात माळीकाम केलं होतं. साहेब आपल्या देशी गेला, बंगल्याला कुलूप लागलं आणि बुवा खाली येऊन नदीकाठच्या एका मठीत राहिले. अक्षरओळख नव्हती. प्रवचन कधी केलं नाही. पण त्यांच्यापाशी बसलं की बरं वाटायचं, म्हणून लोक येऊन बसत.

मास्तर गेली सात वर्षं येत होते. वही घेऊन.

बुवा जे बोलतील ते मास्तर तारीख घालून उतरवून घेत आणि खाली त्याचा अर्थ लिहीत. बुवा म्हणाले, "आज पाणी नको," की मास्तरांचं अर्धं पान भरायचं. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. गावात बुवांचा पट्टशिष्य कोण, असं कुणी विचारलं तर मास्तर खाली बघून हसत, म्हणजे उत्तर मिळायचं.

वेल मात्र मास्तरांची नव्हती. ती यमुनाबाईंची, त्यांच्या बायकोची.

बुवांनी मूठभर बी दिलं होतं ते तिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं ते वाटीत भिजत घातलं आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर परसात लावलं. कोंब वर आले, तणावे काटक्यांना धरू लागले, तोवर ती घरात होती. दिवाळी झाली आणि तिच्या खोकल्यात रक्त दिसलं. तिला वर, पाचगणीच्या आरोग्यधामात नेऊन ठेवावं लागलं.

मास्तरांच्या परसातून तो डोंगर दिसतो. संध्याकाळी त्याच्या कडेला दिवे लागतात. त्यांतला एक तिच्या खिडकीतला, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दर रविवारी ते वर जात. पौषातल्या एका रविवारी त्यांनी तिला सांगितलं की पहिलं फूल आलं, जांभळट आहे. ती उशीवरून डोकं न उचलता हसली. म्हणाली, "पुढच्या खेपेला एखादं आणा. वास कसा असतो तेच विसरले."

आता एखादं न्यायचं म्हणजे मास्तरांना कमीपणाच. घाट उतरता उतरता गाडीतच त्यांनी संकल्प केला. वेलीवर एका दिवशी एकशे आठ फुलं धरतील, ती सगळी ढोल्या गणपतीला वाहायची आणि प्रसाद म्हणून परडी भरून तिच्याकडे न्यायची. तोवर एकही तोडायचं नाही. आणि तोवर वरही जायचं नाही.

रोज सकाळी स्नान करून ते फुलं मोजत. अकरा. सत्तावीस. एका सकाळी धुक्यात त्रेसष्ट मोजली तेव्हा त्यांना भरूनच आलं. मग पन्नास झाली. मग एकवीस... मग नऊ.

असे पाच रविवार गेले.

तिची दोन पत्रं आली. पहिल्यात तिनं हवापाण्याचं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की फूल विसरलात का. दुसरं पत्र चार ओळींचं होतं. यमुनाबाईंना जरा थकवा आहे, त्या तुमची चौकशी करतात, एवढंच. अक्षर तिचं नव्हतं.

त्या पत्रानंतर मास्तर मठीत गेले आणि बुवांना हाताला धरून परसात घेऊन आले.

"काही कीड आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई."

"पाणी कमी पडलं?"

"न्हाई. निगा चांगली राखलीया." बुवांनी एक शेंग दोन बोटांत धरून दाबली. आतले दाणे टणक लागले. "मास्तर, तुमची ती वही हाय न्हवं घरात?"

मास्तरांचा चेहरा उजळला. ते लगबगीनं आत गेले आणि वही घेऊन आले.

"हे बी मी वैनींना दिलं, त्या दिसाचं काढा. काय म्हणलो हुतो मी?"

मास्तरांनी पानं उलटली. सापडलं. त्यांनी घसा साफ केला. "आश्विन शुद्ध अष्टमी. बुवा म्हणाले, फूल दिसलं की तोडायचं. रोज तोडायचं. वेलीवर ठेवायचं न्हाई."

"आन् खाली?"

"खाली अर्थ आहे." मास्तर थोडे थांबले. मग त्यांनी वाचलं. "फूल म्हणजे वासना. ती मनात दिसताक्षणी छेदावी. तिचा संचय करू नये."

बुवा हसले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"मास्तर, मी फुलाचंच बोलत हुतो."

मास्तर वहीत बघत राहिले...

बुवा जमिनीकडे बघत सांगू लागले. वर बंगल्यात अशी वीस ताट्या वेल असायची. मडमसाहेब रोज पहाटे धुक्यात परडी घेऊन यायची. तिचं तोंड दिसायचं नाही, नुसती पांढरी टोपी फिरताना दिसायची. ती सगळी फुलं तोडून न्यायची, एक म्हणून ठेवायची नाही. बुवा तेव्हा तरणे होते, त्यांना वाटायचं काय ही बाई, वेल ओरबाडून टाकते. आणि दुसऱ्या पहाटे बघावं तर वेल पुन्हा भरलेली. फाल्गुन लागेपर्यंत तेच चालायचं. सगळ्या बंगल्याला तो वास असायचा. बुवांच्या सदऱ्यालासुद्धा.

"आणि तोडलं नाही तर?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तर ही अशी शेंग धरती. शेंग धरली की वेलीला वाटतं, झालं आपलं काम. मग ती कशाला फुलंल?"

मास्तर पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेवर बसले. एकशे आठ फुलं एका दिवशी यावीत म्हणून त्यांनी ज्यांना जपलं, त्याच फुलांच्या एकेक करून शेंगा झाल्या होत्या. आणि रोज तोडायचं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात, तारखेसह लिहून ठेवलं होतं.

 घाटातून कुठूनतरी गाडीचा आवाज आला आणि विरला.

"मास्तर, तुमी वर का न्हाई गेलात?"

"संकल्प होता, बुवा."

"संकल्प ऱ्हाऊ द्या. का न्हाई गेलात?"

मास्तरांनी वही मिटली. एक पान दुमडलं होतं ते पुन्हा उघडून सरळ केलं. परत मिटली.

"मागच्या खेपेला मी तिचं मनगट धरलं होतं," ते म्हणाले. "दोन बोटांत मावलं... तिनं ते माझ्या ध्यानात आलेलं पाहिलं आणि हात पांघरुणात घेतला. मी तिथून बाहेर आलो तेव्हा मला काही सुचत नव्हतं. तिच्यापुढं नुसतंच जाऊन बसायचं, बुवा, आणि बघत राहायचं, हे माझ्यानं होत नाही. हातात काहीतरी भरगच्च असतं, तर..."

 सात वर्षांत मास्तर पहिल्यांदाच बुवांपाशी काहीतरी स्वतःचं बोलले होते, आणि ते लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

बुवा उठले. शेंगा तोडू लागले.

"बी राहू द्या, बुवा," मास्तर म्हणाले. "पुढच्या साली लावायला."

"पुढचं साल पुढं."

ते तोडतच राहिले. शेंग देठातून मोडायची आणि उपरण्याच्या झोळीत टाकायची. वरच्या झाल्या, मधल्या झाल्या. पानं हलली की उरलंसुरलं धुकं त्यांच्याभोवती हलत होतं, आणि त्यांची आकृती मधूनच पुसट होत होती. मास्तरांना क्षणभर वाटलं, ही आपलीच ताटी आहे की डोंगरावरची. वरच्या बंगल्यातली एक पहाट उतरून आपल्या परसात आली आहे, आणि कुणीतरी पांढरी टोपी घालून वेलीत फिरतं आहे.

बुवा अगदी बुडाशी वाकले. तिथं हात घालून थांबले.

"नाक आणा इकडं."

मास्तर गुडघ्यांवर आले. मातीत, धुतलेल्या धोतरानिशी. पानांच्या आड, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फूल होतं. देठ आखूड, पाकळीची कड थोडी चुरगळलेली. रंग तोच, जांभळट. रोज उभ्यानं मोजणाऱ्याला ते दिसणंच शक्य नव्हतं.

त्यांनी नाक जवळ नेलं.

...

पाच आठवडे रोज सकाळी ते या वेलीपाशी उभे राहिले होते. तेव्हा त्यांच्या ओठांवर आकडे असायचे. तो वास आता त्यांना पहिल्यांदा आला. थोडा मधाचा, थोडा संत्र्याच्या फुलाचा, आणि त्यात पौषातली ती खाट, ती उशी, न उचललेलं डोकं, सगळं होतं. मास्तर तसेच वाकून राहिले आणि रडले. मोठ्या माणसाला रडताना लाज वाटते तशी त्यांना वाटली नाही.

बुवांनी त्यांना रडू दिलं.

मग म्हणाले, "तोडा."

"मी?"

"मग काय मी तोडू?"

 देठ ओला होता, एकदा निसटला. दुसऱ्यांदा मोडला, बारीकसा आवाज करून. त्यांनी फूल तळहातावर घेतलं. तळहात मोठा दिसत होता आणि फूल फारच लहान.

नदीपलीकडे स्टँडवर कंडक्टरनं घंटी दिली. पाचगणीची गाडी लागली होती.

"चला," बुवा म्हणाले. "फाटकापत्तूर येतो मी."

मास्तर उठले. धोतराला माती होती, ती झटकायचं त्यांना सुचलं नाही. वही डोणीच्या कडेवर राहिली होती, तिकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. दोन पावलं चालून ते थांबले आणि तळहात बुवांपुढं धरला.

"पाच आठवड्यांनी जातोय, बुवा. आणि हे एवढं एकच घेऊन कसा जाऊ?"

बुवांनी फाटक उघडून धरलं.

"तिनं किती मागितली हुती?"