कोरडं कासव

फार जुन्या काळची गोष्ट. एका मोठ्या नदीकाठी एक गाव होतं आणि पैलतीरावर देवीचं देऊळ. श्रावणात तिथे उत्सव भरे. पालखी आणि लेझीम बघायला दूरदूरच्या मुलखांतून माणसं येत, आणि त्यांना पलीकडे नेणारा नावाडी एकच होता.

घाटाच्या तळाकडून तिसऱ्या पायरीवर एक दगडी कासव होतं. कुणा शहाण्या पूर्वजानं ते बसवलेलं. पाणी कासवाच्या तोंडाला लागलं की होडी सोडायची नाही, असा रिवाज होता. मग राजा जरी आला तरी नावाडी दोराला हात लावत नसे.

पण श्रावणच तो. ऐन उत्सवात कासवाचं तोंड भिजे आणि पाहुणे अलीकडेच अडकून कुरकुरत बसत. देवाचं कासव असं गाळात बुडतं हे बरं दिसत नाही, असंही कुणी बोलून गेलं. पाटलांना तेवढं निमित्त पुरलं. त्यांनी दहाव्या पायरीवर देखणा चौथरा बांधला आणि कासव तिथे हलवायचं ठरवलं.

नावाडी आधी नको म्हणाला. पाटील म्हणाले, "अरे, आपण देवाला मान देतोय. यात वाईट काय आहे?"

नावाड्यानं मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यालाही ते हवंच होतं. रिकाम्या होडीला तोही कंटाळला होता. कासव उचललं तेव्हा एक खांदा त्याचाही होता.

त्या वर्षी होडी एकही दिवस थांबली नाही. पाहुणे कासवाला फुलं वाहून होडीत बसत. नावाडी कासवाकडे बघे आणि निघे. नदीकडे बघायची सवय त्याला कधी नव्हतीच.

पुढच्या श्रावणात त्याची मुलगी माहेरी आली. लग्नानंतरची पहिलीच नागपंचमी, तिला देवीची ओटी भरायची होती. घाटावर मात्र ती थबकली.

"आबा, आज पाण्याचा आवाज बरा नाही," ती म्हणाली.

नावाड्यानं वळून वर पाहिलं. "कासव कोरडं आहे, पोरी. बस."

बापाचा शब्द, ती बसली.

भर पात्रात वाहून आलेलं एक झाड होडीवर आदळलं. होडीत बावीस माणसं होती. काठाला लागला तो एकटा नावाडी. ओटीचा नारळ तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला. मुलगी सापडली नाही.

पूर ओसरल्यावर नावाडी पहार घेऊन घाटावर गेला. दिवसभर खपून त्यानं कासव सुटं केलं आणि एकेक पायरी खाली आणलं. मदतीला आलेल्यांना त्यानं हात लावू दिला नाही. कासवानं दगा दिला रे, असं पाटील हळूच म्हणाले.

"त्यानं नाही दिला, पाटील," नावाडी म्हणाला. "ते खाली होतं तोवर खरं सांगत होतं. वर नेताना मीच खांदा दिला, आणि मग त्यालाच विचारून पोरीला होडीत बसवलं."

पुढे त्यानं वल्हं कधी हाती धरलं नाही. पावसाळाभर तो तिसऱ्या पायरीकडे बघत घाटावर बसून राही.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: धोक्याची खूण सोयीसाठी हलवली, तरी धोका आपल्या जागेवरून हलत नाही.