पखालीचं तेल

फार पूर्वी, म्हणजे नेमकं केव्हा ते आता कुणालाच सांगता येणार नाही, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. गावात देऊळ होतं, शेतं होती, माणसंही बरी होती. नव्हतं ते पाणी. झरा होता डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथवर जायला तीनशे बारा दगडी पायऱ्या, जनावरालाही चढता येतील इतक्या रुंद.

त्या गावात एक पाणक्या होता. त्याच्याजवळ एक रेडा होता आणि कातड्याची एक मोठी पखाल. रेड्याच्या पाठीवर पखाल टाकायची, झऱ्यावर ती भरायची आणि वर येऊन घरोघरचे रांजण भरायचे, असं त्याचं काम. दिवसाला तीन खेपा. पायऱ्या तीनशे बारा आहेत हे गावात त्या एकट्यालाच ठाऊक होतं. त्याच्या टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. पाय टेकला की कळ यायची, आणि कळ विसरावी म्हणून तो पायऱ्या मोजायचा.

पाणक्या कामाला चोख होता. संध्याकाळी तिसरी खेप संपली की तो आधी रेड्याला धुवायचा, वैरण टाकायचा. मग पखाल अंगणात पसरून तिला एरंडेल चोळायचा. कातडं कोरडं पडलं तर तडकतं, म्हणून हे तेल गाव त्याला महिन्याच्या महिन्याला द्यायचं. शिवणीशिवणीत तो ते जिरवायचा. शेवटी तळहातावर जे उरायचं तेही एका फडक्याला पुसून घ्यायचा आणि ते फडकं पखालीवर फिरवायचा. तेल पखालीचं, त्यातला थेंबही आपला नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याची बायको उंबऱ्यात बसून हे बघायची. एकदा ती म्हणाली, "अहो, पुढच्या जन्मी मी पखालच होणार आहे. निदान रोज कुणी विचारपूस तरी करील."

पाणक्या हसला. हसण्यापलीकडे काही करायला त्याच्या अंगात जीव उरलेला नसे. दोन घास खाऊन तो तसाच, धुळीच्या पायांनी आडवा व्हायचा.

गावाला त्याचं कौतुक होतं. आपला पाणक्या कधी दमत नाही, सगळ्यांचे रांजण भरल्याशिवाय स्वतः घोटभर पाणी पीत नाही, असं लोक पाहुण्यांना सांगायचे. ते कानावर आलं की त्याला बरं वाटायचं. मग दमलो असं म्हणायची त्याला चोरी झाली.

चैत्र लागला. पखालीची एक शिवण उसवली, म्हणून तो ती घेऊन पायथ्याच्या वस्तीत गेला. तिथं कातडीकाम करणारा एक म्हातारा राहायचा. त्यानंच बारा वर्षांपूर्वी ही पखाल शिवून दिली होती. म्हाताऱ्यानं कातडं बोटांनी चाचपलं, दुमडून पाहिलं.

"बारा वर्षं झाली आणि अजून लोण्यासारखं मऊ," तो म्हणाला. "असं राखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

पाणक्याची मान ताठ झाली. तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर त्याच्या टाचांवर गेली. एका भेगेतून रक्त येऊन धुळीत वाळलं होतं.

"आणि हे कातडं कुणाचं?" त्यानं विचारलं.

"हे माझं."

"म्हणजे मेलेल्या कातड्याला रोज तेल, आणि जित्याला काही नाही."

पाणक्या ओशाळला. तेल गावाचं आहे, वेळ कुठं मिळतो, उन्हाळा सरला की बघू, असं काहीबाही बोलला. म्हाताऱ्यानं शिवण घातली, दोरा दातानं तोडला आणि पखाल त्याच्या खांद्यावर ठेवत म्हणाला, "फार काही करू नकोस. पखालीला तेल लावून झालं की हाताला जे उरतं ते फडक्याला पुसू नकोस, टाचांना पूस. झऱ्यावर पखाल भरण्याआधी एक ओंजळ पाणी पी. आणि रेडा जिथं दम खातो तिथं तूही बस. एवढंच, पण रोज."

पाणक्याला ते पटलं. त्या संध्याकाळी तेल चोळून झाल्यावर तो हाताकडे बघत थोडा वेळ बसलाही. पण हात नेहमीच्या फडक्याकडेच गेला.

वैशाखात एका दुपारी, दुसऱ्या खेपेला, एकशे नव्वदाव्या पायरीवर त्याचा पाय उचलेना. टाच सुजून घोट्यापर्यंत लाल झाली होती. तो खाली बसला. रेडा शेजारी उभा राहिला, पखाल गळत नव्हती, पाणी थेंबभरही सांडलं नव्हतं. सगळं धड होतं, फक्त माणूस चालत नव्हता.

लोकांनी त्याला उचलून घरी आणलं. वैद्यानं जखम धुतली, लेप लावला आणि सांगितलं, की लाली घोट्याच्या वर चढली तर पायाची आशा धरू नका. पाणक्या खाटेवर पडून घोट्याकडे बघत राहिला. असा तो आठ दिवस बघत होता.

रेडा दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. मग जो तो आपापली घागर घेऊन पायऱ्या उतरू लागला. पाणक्याची बायकोही जायची. परत आली की घागर टेकवून भिंतीला पाठ लावून बसायची. तिला तसं बसलेलं पाहून पाणक्याला वैद्याच्या बोलण्याहून जास्त भीती वाटली. घरासाठी, गावासाठी म्हणून त्यानं स्वतःकडे पाहिलं नव्हतं. आता त्याचाच भार घराच्या आणि गावाच्या डोक्यावर आला होता.

नवव्या दिवशी लाली उतरू लागली. महिन्याभरानं तो उभा राहिला. त्या संध्याकाळी त्यानं पखाल पसरली, तिला तेल चोळलं, आणि हाताला उरलेलं तेल पहिल्यांदाच टाचांना लावलं. बायकोनं ते पाहिलं. फडकं तेवढं उचलून तिनं चुलीत टाकलं.

पण त्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेल मापून देणाऱ्या पाटलीणबाईंकडे गेला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, काल पखालीचं थोडं तेल मी पायाला लावलं."

पाटलीणबाई दळण निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मधल्या दिवसांत त्यांनीही स्वतः घागरी वाहिल्या होत्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "पखाल काय आपल्या पायांनी वर चढते?"

त्या दिवसापासून पाणक्या रोज टाचांना तेल लावू लागला. पहिले आठ दिवस काहीच फरक दिसला नाही. याचा काही उपयोग नाही असं त्याला वाटलं आणि दोन दिवस त्यानं कंटाळा केला, तर भेगा पुन्हा चिरल्या. तेव्हा त्याला पखालीची आठवण झाली. तीही एका दिवसात मऊ झाली नव्हती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. झऱ्यावर आधी एक ओंजळ प्यायची. रेडा थांबला की आपणही पायरीवर टेकायचं. पहिल्यांदा तसं बसताना वरून कुणी बघत नाही ना, म्हणून त्यानं मान वळवून पाहिलं होतं. वर कुणी नव्हतं.

खेपा तेवढ्याच राहिल्या. चढही तेवढाच होता, आणि संध्याकाळी तो अजूनही दमलेलाच असायचा. पण एके दिवशी सकाळची खेप घेऊन तो वर आला, पहिला रांजण भरला, दुसरा भरायला घेतला आणि मध्येच थांबला. घरधनीण म्हणाली, काय झालं?

"काही नाही," पाणक्या म्हणाला. "आज पायऱ्या मोजायच्या राहिल्या."

तात्पर्य: दुसऱ्यांसाठी राबणाऱ्यानं स्वतःची काळजी घेणं म्हणजे कुणाच्या वाट्याचं काढून घेणं नव्हे; ती थोडीच घ्यावी, पण रोज घ्यावी.