चिमूटभर साखर

भांड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. यमुनाकाकूंची पोचे पडलेली वाटी शेजारी काठोकाठ खीर घेऊन गेली. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून शेजारणीने तिच्यात चिमूटभर साखर घालून पाठवली. काकूंनी ती तशीच फडताळात ठेवली.

"एवढी खीर दिली, आणि हाती काय, तर चिमूटभर साखर!" वाटी फणफणली.

बाजूला लग्नात आलेली चांदीची वाटी होती, कधीच न वापरलेली. तिने हळूच विचारलं, "ताई, साखर कशी लागते गं?"

जुन्या वाटीने आपल्या पोच्यांकडे पाहिलं. एकेका पोच्यामागचं एकेक घर तिला आठवलं. मग कलंडून तिने निम्मी साखर चांदीच्या वाटीत सांडली.

सकाळी काकूंनी फडताळ उघडलं, तर चांदीच्या वाटीला जन्मात पहिल्यांदा मुंग्या लागल्या होत्या. आणि जुनी वाटी, "आज कुणाकडे जायचं?" म्हणत, पुढे सरकून बसली होती.