हाकेला न येणारा तुफान

आलेल्या कुत्र्याला मारलं म्हणून तो येईना, आणि येईना म्हणून त्याला आणखी मारलं. हरणखेडच्या उदाजीराव सरकारांचं श्वानशिक्षण इथवर येऊन अडलं होतं!

तुफान हा विलायती ग्रेहाउंड. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, वय नऊ-दहा महिने. म्हणजे अंगानं कुत्रा आणि अकलेनं पिल्लू! शेजारच्या रुईखेडच्या राजांच्या कुत्र्याहून तो जोरात पळावा, ही सरकारांची हौस. म्हणून भर उन्हात, खडीच्या रस्त्यावर ते त्याला आपल्या घोड्यामागं पळवत. एकदा वाटेत ससा दिसला, आणि तुफान घोडा, रस्ता, सरकार, सगळंच विसरून उधळला.

"तुफान!" सरकार गरजले.

बिचारा जीभ लोंबवत, शेपूट हलवत परत आला, आणि पाठीत चाबूक बसला. तेव्हापासून सरकारांनी हाक मारली की तुफान बरोब्बर उलट्या दिशेला पळायचा.

सरकारांनी कुत्रा सांभाळणाऱ्या सटवाजी मोतद्दाराची याद केली. सटवाजीला तत्काळ ताप भरला. सरकारांनी याद केली की ताप भरण्याची राजवाड्यात जुनी रीतच होती. बापाच्या जागी मुलगी आली, ठकू.

"बाप नाही तर तू ऐक! दसऱ्याला किल्ल्याच्या मैदानात, पाहुण्यांसमोर हा कुत्रा मोकळा सोडायचा. माझ्या हाकेसरशी धावत आला तर ठीक. नाही आला तर त्याला गोळी आणि तुझ्या बापाला हद्दपारी!"

तुफानला ठकूनं स्वतःच्या हातानं दूधभाकरी चारून वाढवला होता, आणि बाप तर एकुलता एकच होता.

"सरकार, हाक जरा गोडीनं मारली तर..."

"गोडीनं? मी राजा आहे की गवळी?"

"बरं सरकार. पण दसऱ्यापत्तर कुत्रं माझ्यापाशी ऱ्हाईल. घोड्यामागं पळवायचं न्हाई, आन् तुमी त्याला हाक मारायची न्हाई."

"सरकारांनी हाक मारायची नाही?" दिवाण ओरडले. "हा काय उद्धटपणा!"

"दिवाणसाहेब, नासलेलं दूध ढवळून सुधारतंय व्हय?"

सरकारांनी मिशीला पीळ दिला. "दिलं! हरल्यावर सबब नको."

राजवाड्यामागं आमराई होती. चारी बाजूंनी उंच भिंत, खाली मऊ माती. ऊन चढायच्या आत ठकू तुफानला तिथं मोकळा सोडी. तो वाऱ्यासारखा दोन फेऱ्या मारी, धापा टाकी, सावलीत पसरे. त्याला कंटाळा यायच्या आतच ती खेळ आवरता घेई. पोराची हाडं अजून कोवळी, ती काय खडीवर झिजवायची! मधेच कधीतरी ती एकच वाक्य मोठ्यानं ओरडे. तुफान आला की तोंडात मटणाचा तुकडा, मानेवरून हात, आणि पुन्हा मोकळा! ती काय ओरडते ते भिंतीपलीकडच्या माळ्यालाही पाठ झालं होतं. पण राजवाड्यात माळ्याला विचारतो कोण?

दसरा आला. तटाआतलं मैदान भरलं. रुईखेडचे राजे पुढच्या लोडाला टेकून बसले होते. ठकूनं तुफानची दोरी सोडली.

"तुफान!" सरकार गरजले.

तुफाननं कान पाडले, शेपूट पायात घातली आणि गेला पार तटापाशी! पाहुण्यांनी तोंडाला उपरणी लावली. सरकारांनी बंदुकीसाठी हात पुढं केला.

"सरकार, थांबा!" ठकू आडवी आली. "हाकेत खोट हाय का कुत्र्यात, त्ये आधी बघू. आधी तुमच्या दिवाणास्नी हाक मारा. तशीच!"

"त्यात काय? दिवाण!"

आत्तापर्यंत शेजारी उभे असलेले दिवाण शामियान्याच्या कापडामागं गेले. फक्त जोडे दिसत होते.

"फडणीस!"

फडणीसांना खोकल्याची उबळ आली. ती त्यांना थेट दरवाज्याबाहेर घेऊन गेली.

"सेनापती!"

सेनापती खाली वाकले आणि घोड्याचा नाल तपासू लागले. घोडा दुसऱ्याचा होता.

रुईखेडचे राजे आता उघड उघड हसत होते. सरकारांचा चेहरा लाल झाला. "हे काय चाललंय?"

"सरकार, कुत्रं अजून वरसाचंबी न्हाई," ठकू म्हणाली. "ही मंडळी तर वीस-वीस वर्सं शिकल्याली हाईत!"

बंदूक आणायला गेलेला शिपाई वाटेतच थांबला.

ठकूनं मटणाचा तुकडा सरकारांच्या हातात ठेवला. "तुमची हाक म्हनला होता. कोंची, त्ये सांगितलं नव्हतं. आता म्हना, 'ये, बक्षीस घे!'"

सरकारांनी दात खाल्ले, पाहुण्यांकडं पाहिलं, आणि ओरडले, "ये, बक्षीस घे!"

तटापाशी धूळ उडाली. मैदान कापत तुफान आला आणि सरकारांच्या हातातला तुकडा उचलून पायाशी बसला. त्याच्या मागोमाग शामियान्यातून दिवाण, दरवाज्यातून फडणीस आणि घोड्याखालून सेनापती, तिघेही धापा टाकत हजर! त्यांच्याही मागं, ताप विसरून, सटवाजी!

सरकारांनी कुत्र्याकडं पाहिलं. रांगेत उभ्या कारभाऱ्यांकडं पाहिलं. मिशी थरथरली, आणि ते असे हसत सुटले की पगडी मांडीवर आली.

"आमराई तुफानला पळायला दिली!" डोळे पुसत ते म्हणाले. "सटवाजी आजपासून सगळ्या शिकारी कुत्र्यांचा मुख्य! ठकू, पुढं ये!"

ठकू दोन पावलं मागं सरकली.

"आधी कशाला त्ये सांगा, सरकार!"

सरकार पुन्हा खो खो हसले. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि आपणच उठून तिच्यापाशी चालत गेले.